सात शिलिंग, अर्धे आगाऊ

मागच्या महिन्यात माझ्या ऑफिसातल्या एका मित्राचं पुस्तक आलं. आलं म्हणजे त्यानेच छापलं. इचलकरंजीतल्या यंत्रमागांवर, वडिलांच्या सायझिंगमधल्या नोकरीवर, घरोघरी कांडी भरणाऱ्या बायकांवर. चार वर्षं शनिवार-रविवार खपून लिहिलेलं. दोन प्रकाशकांनी उत्तरच दिलं नाही, तिसरा म्हणाला निम्मा खर्च तुम्ही करा. तेव्हा हा म्हणाला, मग पूर्णच मी करतो. पाचशे प्रती काढल्या. त्यातल्या चारशे साठ अजून त्याच्या पलंगाखाली आहेत.

मी काय केलं? दोन प्रती घेतल्या, मुखपृष्ठाचा फोटो स्टेटसला टाकला, खाली 'अभिमान वाटतो मित्रा' असं लिहिलं. पंचावन्न जणांनी अंगठा दाखवला. (मराठीत 'अंगठा दाखवणे' याचा मूळ अर्थ काय आहे ते आठवा. अगदी फिट्ट बसतो.) त्यातून एकही प्रत गेली नाही.

तेव्हापासून डोक्यात एक किडा वळवळत होता. पूर्वी लोक हे कसं करत असतील? म्हणजे ज्याच्यामागे प्रकाशक नाही, पैसा नाही, घराणं नाही, अशा माणसाचं पुस्तक लोकांपर्यंत कसं पोचायचं? आणि त्यात वाचकाचा हात नेमका किती? शोधता शोधता मी जाऊन पोचलो थेट १७८९ सालच्या लंडनमध्ये, एका माजी गुलामापाशी. त्याचं नाव ओलौडा इक्वियानो.

रोजच्या व्यवहारात तो स्वतःला गुस्टाव्हस व्हासा म्हणवायचा. हे नाव त्याला विकत घेणाऱ्या मायकेल पास्कल नावाच्या नौदल अधिकाऱ्याने ठेवलेलं. इक्वियानोच्या सांगण्याप्रमाणे त्याचा जन्म साधारण १७४५ चा, आजच्या नायजेरियातल्या इग्बो मुलखातला. लहानपणी पळवून नेला, विकला गेला, पास्कलबरोबर सप्तवार्षिक युद्धात ब्रिटिश जहाजांवर राबला. आता आपल्याला सोडतील असं वाटत असतानाच १७६२ मध्ये पास्कलने त्याला पुन्हा विकला. तिथून तो वेस्ट इंडीजमधल्या मॉन्टसेरात बेटावर रॉबर्ट किंग नावाच्या व्यापाऱ्याकडे आला.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. जहाजावरून बेटाबेटांत फिरताना त्याने तीन पेन्स भांडवलावर स्वतःचा धंदा सुरू केला. एका बेटावर काचेचा पेला घ्यायचा, दुसऱ्या बेटावर दुप्पट किमतीला विकायचा. पुन्हा दोन पेले. असं करत करत त्याने ४० पौंड साठवले आणि ११ जुलै १७६६ रोजी स्वतःलाच विकत घेतलं. स्वतःचं खरेदीखत स्वतःच्या हातात! हा माणूस पुढे पुस्तक विकायला निघाला तेव्हा विक्री म्हणजे काय हे त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती.

१७८० च्या दशकात तो लंडनमध्ये गुलामांच्या व्यापाराविरुद्ध काम करू लागला. 'झाँग' जहाजावरून विम्याच्या पैशांसाठी गुलामांना जिवंत समुद्रात फेकल्याची बातमी १७८३ मध्ये ग्रॅनव्हिल शार्पपर्यंत नेणारा तोच. १७८७ मध्ये लंडनमध्ये या व्यापाराविरुद्ध समिती स्थापन झाली. पत्रकं निघत होती, भाषणं होत होती. पण ती लिहिणारे बहुतेक गोरे. ज्याने हे सगळं अंगावर झेललं त्याचं पुस्तक हवं होतं.

आता पैशाचा प्रश्न. त्या काळी लेखक सहसा काय करायचा, तर हस्तलिखिताचा हक्क बुकसेलरला (म्हणजे आजच्या भाषेत प्रकाशकाला) एकरकमी विकून मोकळा व्हायचा. पुस्तक चाललं तर फायदा बुकसेलरचा. इक्वियानोने हे केलं नाही. एकदा विकला गेलेला माणूस स्वतःची गोष्ट तरी का विकेल, असं मला वाटतं, पण हा माझा तर्क. व्यापारी डोकंही त्यामागे असणारच. २४ मार्च १७८९ ला त्याने पुस्तकाची नोंद स्वतःच्या नावावर केली आणि कॉपीराइट शेवटपर्यंत सोडला नाही.

मग कागद आणि छपाईचे पैसे कुठून आणले? वर्गणीदारांकडून. दोन खंडांची किंमत सात शिलिंग, त्यातले अर्धे नाव नोंदवताना आगाऊ, उरलेले पुस्तक हातात पडल्यावर. लंडनच्या साध्या मजुराला तेव्हा आठवड्याचे जेमतेम दहा-बारा शिलिंग मिळत, म्हणजे रक्कम लहान नव्हती. आणि वाचकाला धोकाही होता. डॉ. जॉन्सनने शेक्सपिअरच्या आवृत्तीसाठी १७५६ पासून वर्गण्या गोळा केल्या आणि पुस्तक दिलं १७६५ मध्ये. वर्गणीदारांची यादी का छापली नाही असं विचारल्यावर तो म्हणाला होता म्हणे, की एक तर यादी हरवली, आणि दुसरं म्हणजे पैसे खर्च झाले. आपल्याकडे फ्लॅटचं बुकिंग करणाऱ्यांना हा अनुभव नवीन नाही :-)

ही पद्धत मराठीतही चांगली रुळलेली होती. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी महाराष्ट्रीय ज्ञानकोशासाठी तर नागपुरात चक्क लिमिटेड कंपनी काढली. भाग विकले, वर्गणीदार जमवले आणि २३ खंड पुरे केले. कोशासाठी कंपनी काढणारा हा माणूस म्हणजे आपला पहिला स्टार्टअपवालाच. पण केतकरांवर स्वतंत्रपणे लिहायला हवं, आज नको.

तर इक्वियानोची यादी. पहिल्या आवृत्तीत ३११ नावं आहेत आणि ती पुस्तकाच्या सुरुवातीलाच छापलेली आहेत. वरती प्रिन्स ऑफ वेल्स आणि ड्यूक ऑफ यॉर्क. खाली अकारविल्हे सगळे: मेथडिस्ट पंथाचा संस्थापक जॉन वेस्ली, लेखिका हॅना मोर, चिनीमातीच्या भांड्यांचा कारखानदार जोसाया वेजवूड, नौदलातले अधिकारी, पाद्री, आणि ज्यांच्याविषयी आज काही माहीत नाही असे कित्येक 'मिस्टर अमुक'. काही नावांपुढे '२ प्रती' असंही लिहिलंय. इक्वियानोसारखाच गुलामगिरीतून सुटलेला त्याचा मित्र ओटोबा कुगोआनो याच यादीत राजपुत्रांच्या खाली बसलाय.

मी ही यादी पहिल्यांदा बघितली तेव्हा मला वाटलं, ठीक आहे, आभारप्रदर्शन. लग्नपत्रिकेवर खाली नावं छापतात तसं. नंतर लक्षात आलं की यादी हा पुस्तकाचा चालता भाग आहे. १७८९ मध्ये लंडनचा एखादा सुशिक्षित माणूस दुकानात हे पुस्तक उचलतो. त्याच्या मनात पहिला प्रश्न कोणता येणार? हे खरंच त्या आफ्रिकन माणसाने लिहिलंय का? त्याला एवढं इंग्रजी येतं का? तेवढ्यात त्याला यादीत ओळखीचं नाव दिसतं. आपल्या गावचा पाद्री. आपला व्यापारातला माणूस. ते म्हणताहेत की हो, आम्ही याला ओळखतो, आम्ही पैसे भरलेत.

आपल्या आयटीच्या भाषेत सांगतो. कुणाचा रेझ्युमे 'एफवायआय' म्हणून पुढे ढकलणं वेगळं आणि कंपनीच्या सिस्टिममध्ये स्वतःच्या एम्प्लॉयी आयडीने रेफरल टाकणं वेगळं. रेफरल टाकताना आपण दोनदा विचार करतो, कारण माणूस टुकार निघाला तर मॅनेजर आपल्याकडे बघणार असतो. इक्वियानोचे वाचक रेफरल टाकत होते.

आणि ते यादीवर थांबले नाहीत. ९ जुलै १७८९ ला, म्हणजे पुस्तक येऊन काही महिनेच झाले असताना, थॉमस क्लार्कसनने केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजातल्या थॉमस जोन्सना पत्र लिहिलं. क्लार्कसन म्हणजे या चळवळीचा घोड्यावरून देशभर हिंडणारा मुख्य कार्यकर्ता. पत्राचा मतलब असा: हा मनुष्य प्रामाणिक आहे, कष्टाळू आहे, केंब्रिज बघायला येतोय, प्रवासखर्च निघावा म्हणून पुस्तकाच्या काही प्रती बरोबर आणतोय, तर थोड्या खपवायला मदत करा.

बघा, यात पुस्तक महान आहे वगैरे काही नाही. एक माणूस, एक गाव, एक तारीख, थोड्या प्रती.

पुढच्या वर्षीची साखळी तर मला फारच आवडते. मे १७९० मध्ये केंब्रिजच्या मॉडलिन कॉलेजचे प्रमुख पीटर पेकार्ड यांनी गुलामांच्या व्यापाराविरुद्धच्या समित्यांच्या नावे शिफारसपत्र दिलं. ते घेऊन इक्वियानो मँचेस्टरला. जुलैमध्ये तिथल्या थॉमस वॉकरचं पत्र, तो कापडधंद्यातला बडा व्यापारी. ऑगस्टमध्ये शेफील्डच्या लोकांचं पत्र. जानेवारी १७९१ मध्ये नॉटिंगहॅमच्या लोकांचं. प्रत्येक गावच्या वाचकांनी पुढच्या गावच्या वाचकांना लिहिलेलं. आणि हा गडी इतका हुशार की ती पत्रं पुढच्या आवृत्तीत सुरुवातीलाच छापून टाकायचा! म्हणजे शेफील्डच्या माणसाने खाजगीत दिलेला शब्द आता प्रत्येक खरेदीदाराच्या हातात.

१७९१ मध्ये तो आयर्लंडला गेला. साडेआठ महिने राहिला आणि १९०० प्रती विकल्या. हा आकडा त्याच्याच पत्रातला. चौथी आवृत्ती त्याने डब्लिनमध्येच छापून घेतली. बेलफास्टमध्ये त्याच्या राहण्याची सोय सॅम्युअल नीलसन या कापड व्यापाऱ्याकडे झाली, जो त्याच वर्षी स्थापन झालेल्या 'युनायटेड आयरिशमेन'च्या प्रमुखांपैकी एक. नाताळच्या दिवशी बेलफास्टहून एकाने जवळच्या कॅरिकफर्गसला चिठ्ठी पाठवली की हा उद्या तुमच्या गावात पुस्तकं विकायला येतोय, लक्ष असू द्या. ही चिठ्ठी लिहिणारा थॉमस डिग्ज स्वतः फार धुतल्या तांदळासारखा नव्हता, अमेरिकन युद्धकैद्यांसाठीचे पैसे खाल्ल्याचा त्याच्यावर आरोप होता. पण कॅरिकफर्गसला त्याची ओळख होती, तेवढं पुरलं.

पाचवी आवृत्ती एडिंबरात, आठवी नॉरिचमध्ये. जिथे विकायचं तिथे छापायचं, आणि तिथल्या नव्या वर्गणीदारांची नावं यादीत जोडायची. शेवटच्या आवृत्त्यांपर्यंत यादी नऊशेच्या जवळ पोचली, त्यात इंग्लिश, आयरिश, स्कॉटिश असे वेगळे भाग पडले. आपण सॉफ्टवेअरवाले व्हर्जन नंबर वाढवतो तेव्हा फार तर चार बग काढलेले असतात. हा प्रत्येक व्हर्जनमध्ये नवीन गावं टाकत होता.

त्याचा कामाचा झपाटा बघायचा तर फेब्रुवारी १७९२ मधलं एक पत्र आहे. त्यात तो नॉटिंगहॅमच्या एका पाद्र्याला कळवतो, की आठ-दहा दिवसांत लंडन सोडून मिस कलन यांच्याशी लग्न करणार आहे, बायकोला आठ-दहा दिवस सुखात ठेवून झालं की लगेच स्कॉटलंडला पाचवी आवृत्ती विकायला जाणार. रिलीजच्या आठवड्यात लग्न ठरवणारे आमच्या टीममध्येही होऊन गेलेत, पण त्यांनी निदान हे लेखी दिलं नव्हतं. लग्न ७ एप्रिलला झालं. आणि तो खरंच स्कॉटलंडला गेला.

तिथे असतानाच घाव बसला.

२५ एप्रिल १७९२ ला लंडनच्या 'ऑरेकल' या पेपरात आणि दोन दिवसांनी 'स्टार'मध्ये छापून आलं की हा व्हासा आफ्रिकेतला नाहीच, वेस्ट इंडीजमधल्या सांताक्रूझ या डॅनिश बेटावर जन्मलेला आहे. वेळ अशी की त्याच महिन्यात संसदेत गुलामांच्या व्यापारावर मोठी चर्चा झालेली, देशभरातून ५०० वर अर्ज आलेले. पुस्तक खोटं ठरलं की साक्षीदार खोटा, आणि साक्षीदार खोटा की साक्ष खोटी. शिवाय विक्री बसली की तो स्वतः रस्त्यावर.

यावेळी वाचक काय कामाला आले बघा. २८ मे ला त्याने एडिंबराहून लंडनच्या थॉमस हार्डीला पत्र लिहिलं. हार्डी म्हणजे एक जोडे शिवणारा. त्या वर्षाच्या सुरुवातीला इक्वियानो त्याच्याच घरी राहून पुस्तकाची नवी आवृत्ती तयार करत होता. पत्रात इक्वियानोने त्याच्याकडे काय मागितलं? 'स्टार'चा तो अंक मिळव आणि मी येईपर्यंत जपून ठेव. बस. पैसे नाहीत, जाहीर निवेदन नाही. परगावी असलेल्या लेखकासाठी एका मित्राने करायचं एवढंसं काम.

पुढच्या छपाईत इक्वियानोने वाचकांना उद्देशून उत्तर जोडलं. मी इंग्लंडात पहिल्यांदा आलो तेव्हा मला आफ्रिकेच्या भाषेशिवाय दुसरी भाषा येत नव्हती, आणि हे ज्यांनी डोळ्यांनी पाहिलं ते अमुक अमुक इथे राहतात, जाऊन विचारा, असं. त्या साक्षीदारांत ॲडमिरल अफ्लेक यांचं नाव आहे. पहिल्या आवृत्तीच्या वर्गणीदारांच्या यादीत अगदी वरच्या नावांतही ते होतेच. तीन वर्षांपूर्वी सात शिलिंग देताना त्यांना वाटलंही नसेल की उद्या आपल्या नावाचा असा उपयोग होईल.

इथे मी प्रामाणिकपणे एक गोष्ट सांगायला हवी. अलीकडे व्हिन्सेंट कॅरेटा या संशोधकाने दोन कागद पुढे आणले. १७५९ ची बाप्तिस्म्याची नोंद आणि १७७३ च्या उत्तर ध्रुवाच्या मोहिमेतल्या जहाजाचं हजेरीपत्रक. दोन्हींत त्याचा जन्म कॅरोलायनातला, म्हणजे अमेरिकेतला, लिहिलाय. काहींच्या मते म्हणूनच बालपणाचा भाग ऐकीव आहे. काहींच्या मते लहान मुलाच्या वतीने मोठ्यांनी लिहवलेल्या नोंदीवर इतका भरवसा नको. वाद मिटलेला नाही. मला दुसऱ्या बाजूचं जास्त पटतं, पण १७७३ चा कागद मला टोचतो, कारण तेव्हा तो लहान नव्हता.

हार्डीकडे परत येऊ, कारण उलट्या दिशेनेही व्यवहार झाला आणि तो मला सगळ्यात मोलाचा वाटतो. जानेवारी १७९२ मध्ये हार्डीने 'लंडन करस्पाँडिंग सोसायटी' काढली होती. सामान्य कारागिरांना मताचा हक्क मिळावा म्हणून. इतर गावांत ओळखी कुठे होत्या त्याच्या? मार्चमध्ये त्याने शेफील्डच्या एका पाद्र्याला पत्र लिहिलं आणि ओळख म्हणून सांगितलं, माझा मित्र गुस्टाव्हस व्हासा तुमच्याविषयी बोलला. पुस्तक विकताना बांधलेल्या गावोगावच्या ओळखी आता मताधिकाराच्या चळवळीच्या कामी येत होत्या. म्हणजे वाचकांनी लेखकाला जे दिलं, ते त्याने दुसऱ्याच वाचकाच्या हातात ठेवलं.

त्याची किंमतही मोजावी लागली. फ्रान्सशी युद्ध पेटल्यावर सरकारने अशा मंडळ्या चिरडायला घेतल्या. मे १७९४ मध्ये हार्डीला राजद्रोहाच्या आरोपाखाली पकडलं, घरातले कागद जप्त केले. (खटल्यातून तो सुटला, पण दरम्यान त्याची बायको गेली.) इक्वियानोचं एडिंबराहून आलेलं ते पत्र आज वाचायला मिळतं, कारण ते सरकारी जप्तीत सापडलं. नववी आवृत्ती त्याच वर्षीची. त्याच्या हयातीतली शेवटची.

३१ मार्च १७९७ ला तो वारला. व्यापारबंदीचा कायदा झाला १८०७ मध्ये, तो त्याने पाहिला नाही. १८१६ मध्ये त्याची मुलगी जोआना एकवीस वर्षांची झाली तेव्हा वारसा म्हणून तिच्या हातात ९५० पौंड पडले. तीन पेन्सच्या पेल्यापासून सुरुवात केलेल्या माणसाची ही शिल्लक.

आता मित्राच्या पलंगाखालच्या प्रतींकडे. हे सगळं वाचून झाल्यावर मी स्टेटस काढून टाकलं आणि कागद घेऊन बसलो. हे पुस्तक कोणाला वाचायलाच हवं, अशी मी नावानिशी किती माणसं ओळखतो? प्रामाणिकपणे मोजली तर सात निघाली. त्यातला एक माझा आतेभाऊ, इचलकरंजीत यंत्रमागाचे सुटे भाग विकतो. मला लाज वाटली की हा पहिल्या दिवशी कसा आठवला नाही.

फोन केला. "दादा, एक पुस्तक पाठवतोय."

"मला कशाला? मी कुठं वाचतोय रे?"

"सगळं नको वाचूस. पान ६२ वाच फक्त. तुझ्या गल्लीतलं आहे. आवडलं नाही तर मला शिव्या घाल, त्याला नको."

आठवडाभर काही नाही. मीही विचारलं नाही. काल रात्री साडेदहाला त्याचा फोन.

"ह्यात त्या बोळाचं नाव चुकलंय. पण माणूस बरोबर आहे, मी लहानपणी बघितलाय त्याला. त्याचा पोरगा आता माझ्याकडून माल नेतो. दहा प्रती पाठव. आणि तुझ्या मित्राला म्हणावं बोळाचं नाव दुरुस्त कर."

मित्राला लगेच कळवलं. चुकलेल्या नावाचं ऐकून तो आधी हिरमुसला, मग म्हणाला दुसरी आवृत्ती काढली तर करतो. आज सकाळी आम्ही दोघांनी पार्सल बांधलं. यादीतल्या उरलेल्या सहा जणांपैकी तिघांना पत्रं लिहून झालीत, बाकीची तीन आज संध्याकाळी.